भाव, वजन आणि बर्फ

५ जानेवारी २०२५, रविवार. मालवण

सकाळच्या बातम्यांत तोक्योच्या तोयोसु बाजारातला नव्या वर्षाचा पहिला लिलाव दाखवला. ओमा गावच्या समुद्रातला २७६ किलोचा एक ब्लूफिन ट्यूना २० कोटी ७० लाख येनला गेला. ओनोडेरा या उपाहारगृहांच्या समूहाने तो घेतला. मी कागदावर भागाकार केला. किलोला बरोबर साडेसात लाख येन, म्हणजे आपले चार लाख रुपये.

आई पडवीत बसून चुलीसाठी सोडणं सोलत होती. तिला सांगितलं तर हातातलं काम थांबलं. "किलोक चार लाख? तो मासो खातलो कोण?"

चाळीस वर्षं बाजारात मासळी विकलेल्या बाईचा हा पहिला प्रश्न. मलाही तोच पडला होता. या पहिल्या लिलावाची किंमत सणाची आणि जाहिरातीची असते. एरवी हाच मासा किलोला हजारांत जातो, लाखांत नाही. २०१९ साली, बाजार त्सुकिजीहून तोयोसुला हलल्यानंतरच्या पहिल्याच जानेवारीत, २७८ किलोच्या माशाला ३३ कोटी ३६ लाख येन आले होते. दोनच वर्षांनी, कोविडच्या जानेवारीत, तीच तारीख आणि तोच बाजार, पण बोली २ कोटी ८ लाखांवर थांबली.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे बंदरावर गेले. वाळूत चार टप गेदर आले होते. गेदर म्हणजे आपला ट्यूनाच. कोणी त्याला कुपा म्हणतं. लिलाव झाला, मी वहीत आकडे लिहिले आणि घरी येऊन पाहिलं तर लक्षात आलं, जपानच्या बातमीत भाव होता आणि वजनही होतं. माझ्या वहीत नुसता टपाचा भाव. टपात मासे किती किलो होते, याची कुठेही नोंद नाही.

बाबा याच बंदरावर लिलाव पुकारायचे. त्यांच्या अकरा वह्या माझ्या कपाटात आहेत. त्या काढून चाळल्या. त्यांतही तेच. तारीख, मासा, भाव. वजन एकाही पानावर नाही.

८ जानेवारी, बुधवार

मच्छीमार सोसायटीत माझं काम हिशोबाचं. दुपारपर्यंत डिझेलची बिलं आणि परताव्याचे अर्ज. आज काम संपल्यावर बाजारपेठेतून हुकाचा डिजिटल काटा विकत घेतला आणि सरळ बंदरावर गेले.

आपल्याकडचा लिलाव अजून नजरेवर चालतो. नौका लागली की टप उतरवतात, भोवती घेणाऱ्या बायका आणि व्यापारी गोळा होतात, पुकारणारा एक आकडा टाकतो आणि बोली चढत जाते. सुरमई, मोरी असला मोठा मासा किलोवर किंवा नगावर जातो. बांगडा, तारली, छोटे गेदर टपावर जातात. टप किती भरलाय, वर मोठे आणि खाली बारीक आहेत का, हे सगळं घेणारा दोन क्षणांत डोळ्यांनी तोलतो. ज्याचा डोळा मुरलेला त्याचा फायदा.

आज बांगड्याचे सहा टप मी लिलावानंतर तोलले. सगळे 'भरलेले'. सगळ्यांत हलका एकतीस किलो, सगळ्यांत जड चाळीस. दोघांना मिळालेल्या बोलीत फरक फक्त पन्नास रुपयांचा. म्हणजे एका तांडेलाचे नऊ किलो मासे जवळजवळ फुकट गेले, आणि ते त्याला कळलंही नाही.

मी त्याला सांगितलं. तो टप धूत होता. म्हणाला, "ताई, दरियात आमी वजन बघतो काय? मिळाला ता आणतो."

वहीत आजपासून दोन रकाने. भाव आणि वजन.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. बाजार थंड. आईला तिळगूळ दिला तेव्हा तिने वही मागून घेतली आणि नवा रकाना बराच वेळ पाहत बसली. तिला आकडे वाचता येतात, अक्षरं सावकाश. काही बोलली नाही.

१९ जानेवारी, रविवार

दोन आठवडे रात्री जगातल्या ट्यूनाचा व्यापार वाचत होते. आज जरा नीट मांडून ठेवते.

जगात ट्यूनाच्या मुख्य व्यापारी जातींची पकड वर्षाला साधारण ५० लाख टनांची. बातमीत येतो तो ब्लूफिन त्यात शंभरात जेमतेम एक. निम्म्याहून जास्त भरतो तो स्किपजॅक, पोटावर लांबीने जाणाऱ्या काळ्या रेघा असलेला, दोन-तीन किलोंचा मासा. तो बहुतेक सगळा डब्यात जातो. त्याखालोखाल यलोफिन. यातला मोठा वाटा पॅसिफिकच्या पश्चिम आणि मध्य भागातून येतो.

स्किपजॅकचा भाव ठरतो बँकॉकला. थायलंड स्वतः ट्यूना फार थोडा पकडतो, पण डबाबंद ट्यूना निर्यात करणाऱ्यांत तोच पहिला. पॅसिफिकमध्ये मोठ्या पर्ससीन बोटी मासा घेरतात, बोटीवरच मिठाच्या गार पाण्यात गोठवतात आणि वाहतुकीची जहाजं तो बँकॉकला आणतात. १.८ किलो आणि त्याहून मोठ्या गोठवलेल्या अख्ख्या स्किपजॅकचा बँकॉकपोच टनाचा भाव, हा सगळ्या जगाचा मापदंड. बारीक मासा असेल तर त्यातून वजावट. व्यापारी आणि कारखानदार बोलणी करून तो ठरवतात, आणि मग एक्वादोरपासून स्पेनपर्यंत सगळे त्याच्याकडे बघून आपला भाव लावतात.

हा भाव कसा हलतो तेही वाचलं. २०१७ च्या शरद ऋतूत टनाला २,००० डॉलरच्या वर होता. २०१९ संपता संपता हजाराच्या खाली आला, कारण मासा फार निघाला आणि शीतगृहं भरून गेली. २०२३ च्या मध्याला पुन्हा दोन हजारांपर्यंत चढला. एकच मासा, एकच बंदर, आणि सहा वर्षांत भाव निम्मा होऊन परत दुप्पट.

मग मी डॉलरचे रुपये केले. हजार डॉलर टन म्हणजे आजच्या दराने किलोला सुमारे ८६ रुपये. दोन हजार म्हणजे पावणेदोनशेच्या आत. आणि आपला गेदर बंदरावर आज गेला किलोला सव्वाशेच्या आसपास!

मी हे तीनदा तपासलं. मला वाटत होतं, जगाच्या बाजारात ट्यूना म्हणजे सोनं आणि आपण तो मातीमोल विकतो. तसं नाही. जगातला बहुतेक ट्यूना आपल्या गेदराच्याच भावात विकला जातो. तरी त्याच भावावर तिकडे कारखाने उभे राहिले, कारण तिथे एका जहाजात हजारो टन एकाच मापाचा, एकाच थंडीत ठेवलेला मासा येतो. आमच्याकडे चार टप येतात, चारही वेगवेगळे.

५ फेब्रुवारी, बुधवार

पहाटे दांडीच्या किनाऱ्यावर रापणीला बांगडा लागला. इतका, की दोन तास माणसं दोर ओढत होती आणि जाळं हलत नव्हतं. वीस-पंचवीस माणसं गुडघाभर पाण्यात, पाय वाळूत रोवून, एका ठेक्यात मागे सरकत होती. जाळ्याचा खोला वर आला तेव्हा पाणी उकळतंय असं वाटलं. सगळी निळी-हिरवी पाठ आणि रुपेरी पोट. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. असा बांगडा कित्येक वर्षांनी किनाऱ्याला लागला म्हणतात.

नऊ वाजेपर्यंत आनंद होता. काल बाजारात बांगडा 'शंभराक सात' होता. नऊला झाला शंभराक दहा, अकराला शंभराक पंधरा. दुपारी बर्फ संपला. कट्टा-कणकवलीकडे जाणारे टेम्पो भरून गेले आणि तरी टप उरले. शेवटी मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याची गाडी आली. तिने जो भाव दिला तो लिहायला हात वळत नव्हता, पण लिहिला. रापणीचे वाटे पडले तेव्हा एकेका माणसाच्या हाती जे आलं ते एरवीच्या बऱ्या दिवसापेक्षा थोडंसंच जास्त. मासा मात्र कित्येक पट.

माझ्या जुन्या वहीत आजचा दिवस 'बांगडा पडला, भाव गेला' एवढाच उरला असता. आता दोन्ही रकाने शेजारी आहेत, म्हणून दिसतं की जास्त मासा मिळणं आणि जास्त पैसा मिळणं यांत केवढं अंतर आहे. आज एक साधी शीतखोली असती, हजारेक किलो बर्फ जास्त असता, तर यातले निम्मे बांगडे उद्या-परवा 'शंभराक सात'ला गेले असते. कुणाचं काही चुकलं नाही. सगळे राबले. मासा चांगला होता. फक्त तो ठेवायला जागा नव्हती.

आईने संध्याकाळी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं केलं. शेजारी चार घरी पाठवलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज एक गोष्ट सापडली ती मनातून जात नाही.

बांगडा, सुरमई आणि गेदर हे एकाच कुळातले मासे. तिघांच्या शेपटीपाशी वर-खाली बारीक पंखांची रांग असते, ती हाताला लागते. त्या कुळात ट्यूनांचं एक वेगळं घराणं आहे आणि गेदर त्या घराण्यातला आहे. शास्त्राच्या दृष्टीने तो ट्यूनाच.

पण जगाचा व्यापार मोजला जातो जकातीच्या क्रमांकांवर. ताज्या आणि थंड केलेल्या माशांचा क्रमांक ०३०२. त्याच्या पोटात ट्यूनाचा एक गट आहे. त्यात अल्बाकोर, यलोफिन, स्किपजॅक, बिगआय, ब्लूफिन, प्रत्येकाला आपापला आकडा. म्हणून कुणी स्किपजॅक काही किलोच पाठवला तरी तो जगाला दिसतो. गेदर त्या गटात नाहीच. तो पुढच्या गटात आहे, हेरिंग, तारली आणि बांगड्यांच्या सोबत. त्या गटातही त्याला स्वतःचा आकडा नाही. भारतीय बांगडा, सुरमई, पापलेट आणि गेदर या चौघांना मिळून जगाच्या यादीत एकच खाना आहे. त्याचं नाव 'इतर'.

पापलेट, ज्याला महाराष्ट्राने २०२३ साली राज्यमासा केलं, तोही 'इतर'. सुरमई, जिच्या तुकडीसाठी मुंबईहून माणसं मालवणला येतात, तीही 'इतर'. आईने चाळीस वर्षं जे जे विकलं ते जवळजवळ सगळं त्या एका शब्दात मावतं.

मला राग नाही आला. वाईट वाटलं. ज्या माशाचा वेगळा आकडा नाही त्याचा वेगळा भाव जगात कुणी बघत नाही, आणि ज्याचा भाव बघितला जात नाही त्याच्यासाठी शीतखोली बांधायला पैसा मागायचा तर समोर काय ठेवणार?

आपल्या देशाची २०२३-२४ ची समुद्री निर्यात १७ लाख ८१ हजार टन, किंमत ६०,५२३ कोटी रुपये. त्यात एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे ४०,०१३ कोटी. वजनात कोळंबी पाच हिश्शांतले दोन, पैशात तीन हिश्शांतले दोन. वजन आणि भाव शेजारी ठेवले की असं चित्र उघडतं. गेदराचं असं चित्र काढायला लागणारे आकडे मला कुठे सापडले नाहीत. निदान मालवणच्या एका बंदराचे तरी असावेत.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. कुणकेश्वरला जत्रा. एरवी बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे वार. आज बुधवार असून बाजारात चार पाट्या. जगाचा भाव बँकॉकला ठरो नाहीतर तोक्योला, आमचा भाव उपासांवरही ठरतो. संकष्टी, एकादशी, सोमवार, गुरुवार पाळणाऱ्यांची घरं मोजून बायका माल उचलतात. आई पंचांग बघून सांगायची, उद्या किती पाट्या घ्यायच्या. मागणीचा असा अंदाज बांधायला शहरातल्या कंपन्या माणसं पगारावर ठेवतात.

९ मार्च, रविवार

काल रात्री शेजारच्या मुलाचं तोंड आणि मान लाल झाली, अंगावर गांधी उठल्या, डोकं ठणकायला लागलं. दुपारी गेदराचं कालवण खाल्लं होतं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दोन तासांत उतरलं. सगळे म्हणाले, "मासो बाधलो." मासा आईनेच एका बाईकडून घेऊन त्यांना दिला होता. ती रात्रभर झोपली नाही. सकाळी म्हणाली, "गो, डोळे बरे होते. कल्ले तांबडे होते. वास नव्हतो. माझ्या नजरेतून कसो सुटलो?"

मी तिच्याजवळ बसून जे वाचलंय ते सांगितलं. ट्यूनाच्या घराण्यातल्या माशांच्या लाल मांसात हिस्टिडिन नावाचं द्रव्य खूप असतं. मासा उष्ण राहिला की जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. ते डोळ्यांना दिसत नाही, वासाला कळत नाही, आणि एकदा तयार झालं की उकळून, तळूनही जात नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय व्यापारात त्याची मर्यादा घातलेली आहे, किलोला २०० मिलिग्रॅम. त्यावर गेलं की मालच परत.

आणि गेदराची आणखी एक गोष्ट. बहुतेक माशांचं अंग पाण्याइतकंच गार असतं. ट्यूना मात्र सतत वेगाने पोहतो आणि अंगात तयार झालेली उष्णता धरून ठेवतो. जाळ्यात धडपडला की आणखी तापतो. म्हणजे तो पाण्याबाहेर येतो तोच गरम. बांगड्याला जो अर्धा तास चालतो तो गेदराला चालत नाही.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे चूक नजरेची नाय. बर्फाची."

वहीत तिसरा रकाना आखला. मासा जाळ्यातून काढल्यापासून बर्फात जाईपर्यंत किती वेळ.

१६ मार्च, रविवार

चुलतभाऊ स्वतःच्या फायबर होडीवर तांडेल आहे. गेदर लागतो त्या दिवसांत दीडपट बर्फ घेऊन जा म्हणून त्याच्या मागे लागले. तो म्हणाला, "ताई, बर्फाचे पैसे कोण देतलो? भाव तर तोच येतलो." खरं होतं. मी म्हटलं, पहिल्या पाच फेऱ्यांच्या जास्तीच्या बर्फाचे पैसे मी देते. तू फक्त दोन गोष्टी कर. मासा होडीत आला की कल्ल्यापाशी काप देऊन रक्त जाऊ दे, आणि लगेच बर्फात घाल, जेवढा मासा तेवढा बर्फ.

आज संध्याकाळी त्याची होडी लागली. मी स्वयंपाकघरातला सुईचा तापमापक घेऊन गेले होते. शेजारच्या होडीतला एक गेदर घेतला, पाठीच्या जाड भागात सुई घातली. एकतीस अंश. दुपारच्या उन्हात फळीवर पडलेला. भावाच्या होडीतल्या गेदराला सुई लावली, काटा खाली येत गेला आणि चारवर थांबला. दोन्ही मासे एकाच समुद्रातले, एकाच दुपारचे. मी दोघांचं मांस थोडं कापून दाखवलं. एकाचं विटकरी, कडेने तपकिरी होत चाललेलं. दुसऱ्याचं लालभडक, ओलं, चकचकीत.

भोवती माणसं जमली. एका व्यापाऱ्याने बोटाने दाबून पाहिलं. लिलावात भाव मात्र दोघांना सारखाच आला. भावाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून वही लिहिली.

२८ मार्च, शुक्रवार

चौथी फेरी. आज पहिल्यांदा त्या व्यापाऱ्याने लिलावाआधी विचारलं, "बर्फवालो कुठचो?" किलोला पंधरा रुपये वर दिले. मागच्या फेरीचा माल त्याने गोव्याला एका हॉटेलात दिला होता, आणि तिथून पुन्हा मागणी आली म्हणे.

पंधरा रुपये. त्यातून जास्तीच्या बर्फाचा खर्च निघून थोडे उरतात. मी दोनदा हिशोब केला. मग घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा माझा आवाज का भरून आला ते तिने विचारलं नाही.

२ मे, शुक्रवार

आज जागतिक ट्यूना दिन. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ च्या डिसेंबरात ठराव केला आणि २०१७ पासून तो पाळला जातो. त्याच्या मागे पॅसिफिकमधली छोटी बेटं होती. त्यांची गोष्ट इथल्या तांडेलांना सांगावी म्हणून सोसायटीत दुपारी सगळ्यांना थांबवलं.

किरिबाती, तुवालू, मार्शल बेटं, नाउरू, पलाऊ, मायक्रोनेशिया, सॉलोमन बेटं आणि पापुआ न्यू गिनी. या आठ देशांच्या समुद्रात जगातल्या स्किपजॅकचा मोठा हिस्सा सापडतो. पूर्वी परदेशी बोटी येऊन पकडून न्यायच्या आणि बेटांच्या हातावर थोडे पैसे ठेवायच्या, प्रत्येक देशाशी वेगवेगळा सौदा करून. १९८२ मध्ये यातल्या बहुतेक देशांनी नाउरू करार केला. २००७ पासून त्यांनी दिवस विकायला सुरुवात केली. आमच्या समुद्रात एक बोट एक दिवस थांबेल तर इतके पैसे. वर्षाचे दिवस ठरलेले, त्यापलीकडे नाहीत. किमान दर दिवसाला ८,००० डॉलर. आठ जणांनी एकच दर धरला, म्हणून तो टिकला. किरिबातीच्या सरकारी तिजोरीत आज सगळ्यांत मोठा वाटा या दिवसांचा असतो.

एक म्हातारे तांडेल शेवटपर्यंत ऐकत होते. म्हणाले, "म्हंजे तेंनी आधी मोजला. किती दिस, किती होड्यो. मगे भाव सांगितलो."

अगदी हेच. त्यांनी आधी मोजलं.

आपल्या हिंद महासागरातही मोजणी आहे. १९९६ पासून हिंद महासागर ट्यूना आयोग आहे, त्याचं कार्यालय सेशेल्सच्या व्हिक्टोरिया शहरात, आणि भारत त्याचा सभासद. २०१५ साली या महासागरातला यलोफिन झेपेल त्यापेक्षा जास्त मारला जातोय असं तिथल्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, त्यावरून पकड कमी करायचे नियम आले. आपल्याच लक्षद्वीपचे मच्छीमार जिवंत चारा टाकून, गळाने एकेक स्किपजॅक उचलतात. तोच उकडून, धुरवून, वाळवून मासमीन करतात; बर्फ नसलेल्या काळात लाल मासा टिकवायची त्यांची ही रीत. त्यांनाही उष्ण मासा ठाऊक होता. त्यांनी त्याच्यावर उपाय शोधला आणि तो अजून विकला जातो.

बैठक संपल्यावर चार तांडेलांनी काट्याचं विचारलं. पुढच्या मोसमापासून टप तोलून लिलाव करायचा का, यावर चर्चा झाली. एकमत झालं नाही. दोघे म्हणाले, तोलत बसलो तर गिऱ्हाईक जाईल. पण बोलणं तरी सुरू झालं.

२५ मे, रविवार

चार दिवस झाले, समुद्र खवळलेला. कमी दाबाचा पट्टा किनाऱ्याशी होता, इशारे आले आणि सगळ्या होड्या वर ओढल्या. आज हवामान खात्याने सांगितलं की मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचला. मे महिन्यात! मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत. म्हणजे मोसमाचे शेवटचे आठ-दहा दिवस गेलेच. कुणाच्या हिशोबात ते धरलेले नव्हते.

वहीची बेरीज केली. बर्फात नीट ठेवलेला गेदर भावाने नऊ वेळा आणला. पहिल्या तीन वेळा भाव इतरांसारखाच. मग सहा वेळा जास्त, किलोला दहापासून पंचवीस रुपयांपर्यंत. शेवटच्या दोन फेऱ्यांत आणखी दोन होड्यांनी तसा बर्फ नेला, स्वतःच्या पैशाने. एवढंच. मोठं काही नाही. पण तिन्ही रकाने भरलेले आहेत, आणि ते कुणालाही दाखवता येतील.

३१ मे, शनिवार

पाऊस. दिवसभर घरात. बाबांच्या अकरा वह्या पडवीत काढल्या, ओल लागू नये म्हणून पानं उलटत होते. आई शेजारी येऊन बसली. एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "हयसर काय लिवला हा?"

मी वाचलं. सुरमईचे चार नग, भाव. गेदर दोन पाट्या, भाव.

"आणि वजन?"

"बाबांनी लिहिलं नाही."

ती हसली. "तुझो बापूस पुकारायचो. वजन तेका कशाक होया? पाटी माझ्या डोक्यार असायची."

मग तिने सांगायला सुरुवात केली. गेदराची ती पाटी वेताची, मोठी, काठोकाठ भरली की तीस किलो. बाजारापर्यंत दोनदा उतरावी लागायची. बांगड्याची पाटी लहान, बावीस-तेवीस. तिची मान तोलायची आणि मान चुकत नव्हती, कारण सोसायटीच्या काट्यावर तिने कितीदा तरी ताडून पाहिलं होतं. कुठल्या साली पाटी बदलली, कुठल्या साली प्लॅस्टिकचा टप आला, सगळं तिच्या अंगात होतं. बाबांच्या वह्यांत नसलेला रकाना इतकी वर्षं घरातच होता. मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मी पट्टी आणली, पहिल्या वहीच्या पानाच्या उजव्या कडेला रेघ मारली आणि वर 'वजन' लिहिलं. आईने पाय पसरले, भिंतीला टेकली आणि डोळे मिटले.

"वाच," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत आमची तेवीस पानं झाली.